चाचणी संदेश

माझ्या दुकानात खुर्च्या दोन
आणि मतं निदान अकरा.
औसा बसस्टँडच्या मागं, रसवंतीच्या भिंतीला टेकून
मी फोनची पाठ उघडते
आणि ही माणसं
देशाची.

उत्रेश्वर सांगायलाय,
आता म्हणे मशीनच निकाल देणार, मशीनच भाषण लिहिणार,
"मग पुढाऱ्याचं काय काम ऱ्हायलं, सांगा की!"
खय्यूमभाई, टेलिफोन एक्स्चेंजातून रिटायर,
खांबावर चढून चढून गुडघे गेलेले, आवाज शाबूत:
"भाषन तो मशीन लिखेगी बाबा,
मगर गुत्ता किसको मिलेगा, वो कौन लिखेगा?"

हसणं.
एक जण बाहेर थुंकून आत येतो,
वाद कुठवर आला ते न विचारता
विरुद्ध बाजूला उभा राहतो.
कुणाच्या बोटावरची शाई अजून गेलेली नाही,
कुणी चिनी मालाला नावं ठेवतो
चिनी फोन कानाला लावून.
माझ्या चिमट्यात स्क्रू, तिळाहून बारका,
श्वास सोडला तरी हरवेल.
म्हणून मी कुणाच्याच बाजूनं बोलत नाही.
हे कारण लोकांना पटतं.

कोपऱ्यात सिद्रामप्पा.
त्यांच्या फोनला काहीही झालेलं नाही.
बाजाराच्या दिवशी येतात,
"आवाज बग गं जरा, बारीक येतोय,"
मी फडक्यानं जाळी पुसून देते.
पैसे घेत नाही. ते चार लिंबं ठेवून जातात.

सव्वाअकराला
सगळे फोन एकदम किंचाळले.
खिशातले, चार्जिंगला लावलेले,
रसवंतीच्या गल्ल्यावरचा,
आणि टेबलावर आतडी उघडी टाकून पडलेला एक,
तोसुद्धा.

उत्रेश्वरच्या हातातून फोन पडलाच.
"हॅक झालंय बगा, हॅक!"
"सरकार ऐकायलंय आपलं."
"ऐकत असतं तर लामजन्याचा रस्ता झाला नसता का?"

खय्यूमभाईंनी चष्मा वर सारून वाचलं,
धोक्याची सूचना, पूर, वीज, भूकंप,
सगळ्या फोनवर एकदम कळवायची नवी सोय.
"भूकंप? आधी? नै होता वो.
हलल्यावरच कळतंय."
"जपानात कळतंय की!"
"जपान क्या अपने तालुके में है?"

दोघं पुन्हा जुंपले,
आणि मधेच दोघंही थांबले.
सिद्रामप्पांनी फोन कानाशी नेला होता,
किंचाळून गप्प झालेला फोन.

त्यांचं गाव आता जिथं आहे तिथं नव्हतं.
औशात हे कुणी कुणाला सांगत नाही,
ठाऊक असतं.
गणपती बुडवून दमून निजलेली माणसं, ती पहाट,
दगडाच्या भिंती, वर हातभर मातीचं माळवद.
माझा तर तेव्हा जन्मही नव्हता.

"पोरी, काय लिवलंय वाच की."
मी वाचलं:
ही केवळ चाचणी आहे.
आपल्याला काहीही करण्याची आवश्यकता नाही.

"परत वाच."
वाचलं.

"आवाज मोठा हाय," ते म्हणाले,
"निजलेलं माणूस उठंल."

कुणाला काही सुचेना.
उत्रेश्वरनं खालचा फोन उचलला,
काचेला कोपऱ्यातून तडा.
"किती घेशील?"
"बाराशे."
"लूट हाय ही!"
"सरकार से वसूल कर," खय्यूमभाई म्हणाले,
पण हळू.

रसवंतीचं चाक फिरायला लागलं.
सिद्रामप्पा लिंबं ठेवून कधी गेले कळलं नाही.
मी लोहचुंबक घेऊन
फरशीवर, खुर्च्यांखाली, लोकांच्या चपलांमधून
तो स्क्रू शोधत राहिले.
"पाय उचला," म्हणाले,
तर सगळ्यांनी
मुकाट्यानं उचलले.